परवाना मिळाला, अनुभव कोण देणार?

छत्रपती संभाजीनगर शहरातून पश्चिमेकडे निघाले की छावणी लागते, आणि छावणी संपता संपता नगर नाका. येथे रस्ता दुभंगतो. एक फाटा पडेगाव-मिटमिट्यावरून दौलताबाद, वेरूळ व पुढे कन्नडच्या घाटाकडे जातो. दुसरा गोलवाडीवरून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत शिरतो आणि कायगावजवळ गोदावरी ओलांडून अहिल्यानगर-पुण्याची वाट धरतो. जड वाहतुकीचा काही भाग आता शहराबाहेरच्या महामार्गांनी वळवला गेला आहे. तरीही मालमोटारींचा धंदा, त्यावर जगणारी गॅरेजे, टायरची दुकाने व ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्या यांचा या बाजूशी असलेला संबंध तुटलेला नाही. कन्नड, गंगापूर, पैठणकडचा एखादा तरुण अवजड वाहनाचा नवा परवाना खिशात घालून काम शोधू लागला, की त्याची पावले साहजिकच इकडे वळतात.

कचेरीत त्याला परवाना दाखवावा लागतो. पण त्यावर कोणी फार वेळ दवडत नाही. विचारले जाते ते निराळेच. ‘कुणाच्या हाताखाली होतास? आजवर कोणती लाइन चालवली? ओळखीचे कोण आहे?’ या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोहोंचे उत्तर त्याच्यापाशी नसते. तिसऱ्याचे असले, म्हणजे मामा किंवा चुलता या धंद्यात असला, तर निभावते. नसले तर ‘दोन वर्षे कुठे तरी चालवून ये, मग बघू’ असे सांगून त्याची बोळवण होते. ती दोन वर्षे कोठे चालवायची, हे मात्र कोणीच सांगत नाही.

हे एकीकडे चालू असताना दुसरीकडे देशात चालकांचा दुष्काळ असल्याची हाकाटी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी प्रशिक्षित चालकांची तूट २२ लाख असल्याचे वेळोवेळी सांगितले आहे. चालक मिळत नाही म्हणून गाडी उभी राहते, ही मालकांची तक्रार खोटी नाही. आणि परवाना असून गाडी मिळत नाही, ही तरुणाची तक्रारही खोटी नाही. एकाच बाजारात, एकाच वेळी तुटवडा आणि बेकारी नांदत असतील तर मधला कोणता तरी पूल पडला आहे असे मानावे लागते. तो पूल म्हणजे ट्रकमधील चालकाच्या शेजारची बैठक होय.

परवान्याचा अर्थ

प्रथम परवान्याचा विचार करू. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे अठराव्या वर्षी हलक्या वाहनाचा परवाना मिळतो; वाहतुकीचे वाहन मात्र विसाव्या वर्षापूर्वी चालवता येत नाही, आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जवळ असल्याखेरीज वाहतूक वाहनाचा शिकाऊ परवानाही मिळत नाही. पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ मध्ये उठली. शाळा अर्धवट सुटलेल्या अनेकांना त्यामुळे हे दार उघडे झाले, हे चांगलेच झाले. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी वाहतूक वाहनाच्या प्रशिक्षणासाठी घातलेली किमान मर्यादा होती तीस दिवसांची, आणि त्यात प्रत्यक्ष चाकामागे बसण्याचे तास पंधरा. २०२१च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची नवी व्यवस्था आणली. तेथे मध्यम व अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा व ३८ तासांचा आहे. तुलनेसाठी सांगायचे, तर युरोपीय संघाने २००३च्या निर्देशाने व्यावसायिक चालकाच्या प्राथमिक पात्रतेसाठी २८० तासांचे, आणि संक्षिप्त मार्गाने गेल्यास १४० तासांचे शिक्षण ठरवले. जर्मनीत तर मालमोटार चालवणे हा तीन वर्षांच्या उमेदवारीचा रीतसर व्यवसाय आहे.

तासांच्या संख्येपेक्षाही ते तास कशात जातात हे पाहण्यासारखे आहे. प्रशिक्षणाची गाडी बहुधा जुनी, आणि जवळजवळ नेहमीच रिकामी असते. रिकामा ट्रक आणि वीस-पंचवीस टन लादलेला ट्रक ही नावापुरतीच एक जातीची वाहने आहेत. भरलेली गाडी ब्रेक दाबल्यावर कोठे थांबेल, चढावर गिअर कोणत्या क्षणी उतरवायचा, उतारावर ब्रेकवर न विसंबता इंजिनाच्या जोरावर गाडी कशी धरून ठेवायची, पोलादाच्या सळ्यांचा भार आणि कापसाच्या गाठींचा भार वळणावर किती निराळे वागतात, हे मैदानात शिकवता येत नाही. अहिल्यानगरच्या अलीकडचा इमामपूरचा घाट फार मोठा नाही. पण रात्री दोन वाजता, पावसात, पुढे बंद पडलेला ट्रक आणि मागे कर्कश भोंगा वाजवणारी बस अशा अवस्थेत तो ज्याने एकदा काढला, त्याला जे कळते ते कोणत्याही परीक्षेत विचारले जात नाही. शिवाय चालकाचे निम्मे काम चाकामागचे नसतेच. ताडपत्री कशी ओढायची, रस्सा कसा आवळायचा, वजनकाट्यावरचा आकडा आणि बिल्टीवरचा आकडा यांत तफावत निघाली तर कोणाला फोन करायचा, कारखान्याच्या अरुंद आवारात मागे गाडी कशी लावायची, कोणत्या ढाब्यावर झोपले तर डिझेल शाबूत राहते, ही सारी विद्या परवान्याबरोबर मिळत नाही.

मालकाला हे पक्के ठाऊक असते. त्याच्या दृष्टीने परवाना हा कौशल्याचा दाखला नसून पोलिसाने अडवल्यास दाखवायचा कागद आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला होता: चांगला माल आणि वाईट माल यांतला फरक गिऱ्हाइकाला बाहेरून ओळखता येत नसेल, तर तो चांगल्या मालालाही वाईटाचीच किंमत देतो. नव्या चालकांच्या बाबतीत नेमके हेच घडते. मन लावून शिकलेला आणि कागद तेवढा मिळवलेला, दोघांच्या हातातील परवाना सारखाच दिसतो; म्हणून दोघांनाही सारखेच परत पाठवले जाते. मग उरतो तो परवान्याच्या वयाचा निकष. ‘परवाना किती जुना?’ असे विचारले जाते, आणि तरुण काही न करता तो जुना होण्याची वाट पाहतो. परवाना मुरतो, हात मात्र मुरत नाही. जेथे अनुभव मिळत नाही तेथे अनुभवाचा कागद मिळू लागतो, हेही ओघानेच आले.

क्लीनर नावाची शाळा

एक काळ असा होता की मालमोटारचालक कोणत्याही प्रशिक्षण संस्थेत तयार होत नव्हता. तो क्लीनरच्या बैठकीवर तयार होत होता. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा गाडीवर यायचा. चाके धुवायचा, पाणी भरायचा, उस्तादासाठी चहा आणायचा, चढावर गाडी थांबली की धावत जाऊन चाकाखाली दगड लावायचा, मागे घेताना फळीवर थाप मारून ‘येऊ द्या’ म्हणायचा. वर्ष-दोन वर्षांनी मोकळ्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, उस्तादाच्या नजरेखाली त्याला स्टिअरिंग मिळे, मग भरल्या गाडीत, मग घाटात. परवाना काढण्याची वेळ येई तेव्हा तो मुळात चालक झालेला असे. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तीत बालमजुरी होती, शिव्या आणि मारही होता, मजुरी नावापुरती होती, आणि परवान्यावाचून गाडी चालवणे हा सरळ गुन्हा होता. परंतु अर्थशास्त्राच्या भाषेत ती एक शिक्षणसंस्था होती, आणि तिचा खर्च भागवण्याची एक व्यवस्थाही होती: मुलगा कमी पैशांत राबे, तीच त्याची फी.

ही शाळा कोणी हुकूम काढून बंद केली नाही. ती हळूहळू ओस पडली. क्लीनरची कामे एकेक करून नाहीशी झाली. पॉवर स्टिअरिंग, चांगले ब्रेक, रेडियल टायर आले. वाटेत गाडी बंद पडणे कमी झाले. जकात गेली, मुंबईतली शेवटची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली आणि नाक्यानाक्यावर कागद घेऊन उतरणारा माणूस अनावश्यक ठरला. २०२१च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला. टोलच्या खिडकीशी पैसे मोजणाराही नको झाला. भाड्याचे दर चुरशीने खाली आले, डिझेल चढले, बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच येतो. अशा वेळी मालकाला पहिली काटछाट दिसते ती शेजारच्या माणसाच्या खुराकीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नव्वदावा नियम राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर किमान दोन चालक असावेत असे सांगत असे. कागदावर का होईना, दुसऱ्या माणसाला तेथे जागा होती. ती सक्तीही २०१८ मध्ये सैल करण्यात आली. वाहतूक स्वस्त झाली, हे खरे. पण त्या बचतीत एक पिढी घडवण्याचा खर्चही वाचवला गेला, याची कोणत्याही ताळेबंदात नोंद झाली नाही.

येथे कायद्यातील एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. शिकाऊ परवाना असताना शेजारी परवानाधारक मार्गदर्शक बसलाच पाहिजे, आणि तोही गाडी थांबवू शकेल अशा जागी, असे नियम सांगतो. ज्या दिवशी पक्का परवाना हाती पडतो त्याच दिवशी ही गरज कायद्याच्या लेखी शून्य होते. वाळूजहून न्हावा-शेव्याच्या बंदरापर्यंत कंटेनर घेऊन एकट्याने जायला तो मोकळा असतो. मालक त्याला पाठवत नाही, याचा अर्थ एवढाच की मालक कायद्यापेक्षा अधिक सावध आहे. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. अशा देशात या सावधगिरीला दोष देणे कठीण आहे.

मालकाचा हिशोब

तरीही प्रश्न उरतो: गरज आहे, तर मालक स्वतःच तरुणाला शिकवून तयार का करीत नाही? गॅरी बेकर यांनी १९६४च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. जे कौशल्य एकाच कारखान्यात उपयोगी पडते त्यावर मालक खर्च करतो. जे सर्वत्र उपयोगी पडते त्यावर करीत नाही, कारण शिकलेला माणूस दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडे जाऊ शकतो. ट्रक चालवणे हे असे सर्वत्र चालणारे कौशल्य आहे. एक-दोन गाड्यांच्या मालकाने सहा महिने एखाद्याला बाजूला बसवून शिकवावे, डिझेल जाळावे, क्लचप्लेट झिजवून घ्यावी, आणि महिना हजार रुपये जास्त देणाऱ्या दुसऱ्याने त्याला उचलून न्यावे, हा व्यवहार त्याला परवडत नाही. त्याची गाडी तीस-चाळीस लाखांची, तीही बँकेची. एका अपघाताने तो चालकासह रस्त्यावर येऊ शकतो. विमा नुकसान भरून देतो, पण गाडी गॅरेजात उभी असताना हप्ता भरून देत नाही.

याच छावणीत एक नोकरीदाता असा आहे की जो अनुभव विचारत नाही. तो म्हणजे लष्कर. ज्याने जन्मात ट्रकला हात लावलेला नाही अशा मुलाला घेऊन सैन्यदल त्याला चालक बनवते, अवघड रस्त्यांवर पाठवते. त्याला हे परवडते, कारण शिकलेला माणूस वर्षानुवर्षे त्याच्यापाशीच राहत आला. (२०२२च्या अग्निपथ योजनेने बहुतेकांची मुदत चार वर्षांवर आणल्यावर हे गणित किती टिकेल, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.) कुंपणाच्या आत लष्कराच्या गाड्या शिस्तीत उभ्या, आणि कुंपणाबाहेर परवाना घेऊन हिंडणारा तरुण. दोन जगांतला फरक माणसांच्या लायकीचा नाही. शिकवण्याचा खर्च कोणी उचलायचा, एवढ्याचाच आहे.

एसटी महामंडळ सार्वजनिक संस्था असूनही तिने आपल्या चालकभरतीत अवजड वाहन चालवल्याच्या अनुभवाची अट घालत येणेच पसंत केले. म्हणजे खासगी मालकाने घडवलेला चालक शासनाने घ्यायचा! अपवाद घडला तो महिलांच्या बाबतीत. २०१९च्या भरतीत हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या महिलांना घेऊन अवजड वाहनाचे शिक्षण महामंडळाने स्वतः देण्याचे ठरवले. करोनामुळे ते रखडले. परंतु पुढे त्यांतील काही जणी प्रत्यक्ष एसटी चालवू लागल्या. इच्छा असली की अनुभवाची अट ओलांडता येते, हे त्यावरून दिसले. मुलांसाठी ती इच्छा कोणाला झाली नाही.

दरम्यान, नाकारलेला तरुण स्वस्थ बसत नाही. तो पिकअप किंवा छोटा टेम्पो धरतो. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला व ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने तो कायम केला. त्यामुळे ही वाट कायदेशीर आणि सोपी झाली. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात जनावरे, भाजीपाला, धान्य घेऊन येणाऱ्या छोट्या गाड्यांच्या चाकामागे असे अनेक जण बसलेले असतात. पण या अनुभवाला ट्रकच्या कचेरीत किंमत नाही. ‘पिकअप चालवणे म्हणजे ट्रक चालवणे नव्हे’ असे ऐकावे लागते, आणि ते चुकीचेही नाही. काही जण अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळासारख्या योजनांतून व्याजाची सवलत घेऊन स्वतःचीच गाडी काढतात. नोकरी मिळत नाही म्हणून मालक होणे, ही आपल्याकडची एक विचित्र उन्नती आहे! शासन गाडी घ्यायला व्याज देते. गाडी शिकायला सहा महिन्यांचे विद्यावेतन देत नाही. परिणामी, गाड्या वाढतात, भाडे आणखी उतरते आणि हप्त्याच्या धाकाने रात्ररात्र चालवणारे अर्धशिक्षित चालक रस्त्यावर येतात.

खर्च कोणाच्या माथी?

शेजारच्या बैठकीवर पुन्हा माणूस बसवायचा, पण या वेळी वीस वर्षे पुरी झालेला, परवानाधारक आणि रीतसर वेतन मिळणारा. याला सहा महिने ते वर्ष पुरावे. कायद्यात अशा उमेदवारीला जागा नाही असे नाही. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, २०१९च्या दुरुस्त नियमांनुसार, तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधन आले. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक राहिले. २०१६च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना दीड हजारापर्यंत, केंद्राने उचलला. अडचण अशी की मालमोटारींचा धंदा बव्हंशी एक, दोन, फार तर चार गाड्यांच्या मालकांच्या हाती आहे. कामाच्या तासांचे बंधन घालणारा १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदाही पाच किंवा अधिक कामगारांच्या उपक्रमांनाच लागू होत होता. कायदा मोठ्या दारातून येतो आणि धंदा लहान खिडकीतून चालतो, असा हा जुना अनुभव आहे.

म्हणून खर्चाचा भार लहान मालकावर टाकण्यापेक्षा माल पाठवणाऱ्यावर टाकणे अधिक न्याय्य व अधिक शक्य आहे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाल्यापासून या भागात माल पाठवणाऱ्या मोठ्या उद्योगांची परंपरा तयार झाली. शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी तिच्यात भर घालीत आहे. वाहतूकदार कोण, गाडी किती जुनी, किती वाजता पोहोचली पाहिजे, हे सारे हे उद्योग करारात लिहून घेतात. त्याच करारात दर काही गाड्यांमागे एका गाडीवर उमेदवार चालक असावा, आणि त्यापोटी भाड्यात ठरावीक वाढ मिळावी, असे कलम घालणे त्यांना अवघड नाही. अमेरिकेतील मोठ्या वाहतूक कंपन्या शिकण्याचा खर्च स्वतः करून चालकाला काही काळ बांधून घेतात. त्यातील जाच टाळून, वर्षभर टिकल्यास अखेरीस काही रक्कम हाती पडेल, अशी उलटी व्यवस्था करता येईल.

हा बोजा किती? धरून चालू की उमेदवाराला महिना बारा हजार रुपये द्यायचे, आणि वीस टनांची गाडी महिन्यात वाळूज-पुण्याच्या दहा खेपा करते. येताना ती रिकामी येते असेही धरू. महिन्याचा माल झाला दोनशे टन. बारा हजारांना दोनशेने भागले तर टनामागे साठ रुपये, म्हणजे किलोमागे सहा पैसे पडतात. दर चौथ्या गाडीवरच उमेदवार बसवला आणि खर्च चारही गाड्यांच्या मालावर विभागला, तर दीड पैसा.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. कन्नडच्या औट्रम घाटात अवजड वाहनांना येथील खंडपीठाने २०२३च्या ऑगस्टमध्ये बंदी घातली. घाटाची दुर्दशा आणि कोंडी पाहता ती योग्यच होती. पण या भागातील चालकांच्या एका पिढीने जड गाडी उतारावर धरायला जेथे उस्तादाच्या शेजारी बसून शिकून घेतले, ती जागाही त्यामुळे नव्यांना दुरावली. त्यांच्या वाट्याला आता माळीवाड्याजवळ समृद्धी महामार्गावर चढणारा सरळ, रुंद, ७०१ किलोमीटरचा रस्ता आहे. घाटाशी त्याची पहिली गाठ पडेल ती मुंबईच्या बाजूला, सह्याद्रीच्या उतारावर. मागे वीस टन माल असताना आणि शेजारी कोणी नसताना.